१३१ अल्बम ऐकले, आठवत एकही नाही

वाचकाचं पत्र:

१ जानेवारीपासून मी रोज एक नवा, म्हणजे आधी कधीच न ऐकलेला, अल्बम ऐकते आहे. पस्तिशी आली तरी शाळा-कॉलेजातलीच गाणी फिरवून फिरवून ऐकत होते, त्याची लाज वाटली म्हणून हे सुरू केलं. आज १३१ झाले. नियम तीन: नवा हवा, पूर्ण ऐकायचा, आणि वहीत नाव, पाचपैकी गुण व एक ओळ लिहायची. पहिले दोन महिने खूप मजा आली. आता रात्री अकरा वाजता ‘आजचा राहिलाय’ हे आठवतं आणि भांडी घासता घासता मी तो उरकते. यूट्यूबवर असला तर दीडपट वेगाने. परवा भावाने विचारलं, ‘एवढ्यांतला सगळ्यात आवडलेला कोणता?’ मला एकही नाव सांगता आलं नाही. ‘वहीत बघून सांगते’ म्हटलं, तर तो हसत सुटला. मागच्या आठवड्यात एक जुनं, जीव की प्राण असलेलं गाणं लागलं आणि ‘हे मोजलं जाणार नाही’ म्हणून मी ते बंद केलं. तेव्हा मात्र मला स्वतःचीच भीती वाटली. हे सगळं बंद करू का? पण १३१ दिवस सोडवतही नाहीत. वहीची तीन पानं सोबत जोडते आहे.
(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. बंद करू नका. मात्र आज रात्री १३२ वा अल्बम ऐकू नका.

वहीची तीनही पानं वाचली. ‘छान.’ ‘संथ आहे.’ ‘ठीक, आवाज बरा.’ ‘छान.’ ‘लांबलं.’ ‘छान, पुन्हा ऐकावा.’ हे ‘पुन्हा ऐकावा’ तीन पानांत नऊ वेळा आलंय, आणि तुमच्या तीन नियमांत पुन्हा ऐकायला जागाच नाही. उद्या नवा, परवा नवा, तेरवा नवा. ज्याला तुम्ही पाचपैकी पाच दिलेत त्यालाही दुसऱ्या दिवशी दार बंद. मग त्या बिचाऱ्याला पाच गुण मिळवून मिळालं काय? एक गुणवाल्यालाही तेवढंच मिळालं.

(काही वर्षांपूर्वी मीही असा नेम धरला होता. १९ व्या दिवशी मोडला. तेव्हा १३१ पर्यंत पोचलेल्या बाईला मी शहाणपण शिकवावं का, हा प्रश्न आहेच. पण नेम मोडल्यावर माणूस त्याच्याविषयी जरा जास्त विचार करतो, एवढाच माझा अधिकार.)

भावाला नाव सांगता आलं नाही, यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम इथे सांगण्यासारखं आहे. त्यांनी लोकांना त्यांच्या आवडीचं, ऐकताना अंगावर काटा येतो असं संगीत आणायला सांगितलं आणि ते ऐकताना मेंदूत काय घडतं ते पाहिलं. डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन काटा येतो त्या क्षणी स्रवताना दिसलं, हे अपेक्षितच होतं. पण ते त्या क्षणाच्या थोडं आधीही स्रवत होतं, मेंदूच्या दुसऱ्या भागात. म्हणजे ती जागा आता येणार हे कळल्यावर, तिची वाट पाहताना.

मैफलीला बसलेल्या माणसाला हे नवं वाटणार नाही. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, त्या काही दचकून हलत नाहीत. चार मात्रा आधीपासून सगळे तिकडे कान लावून बसलेले असतात. दाद समेला मिळते, पण खरी गंमत त्या आधीच्या चार मात्रांत असते.

आता तुमचा नेम बघा. रोज सगळंच नवं, त्यामुळे कुठली जागा कधी येणार हे कधीच माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून कशाचीच वाट पाहता येत नाही. १३१ पाहुण्यांना तुम्ही दारातूनच नमस्कार केलात, बसा म्हणून कुणालाच म्हटलं नाही. नावं कशी लक्षात राहतील?

आणि ज्या जुन्या गाण्यांची तुम्हाला लाज वाटली, त्यांच्याकडेही याच बाजूने बघा. कोवळ्या वयात ऐकलेलं संगीत आयुष्यभर चिकटून राहतं, हे खरं आहे. त्या वयातल्या आठवणीच इतर काळापेक्षा ठसठशीत असतात. पण त्याशिवाय आणखी एक साधं कारण आहे. तेव्हा तुमच्याजवळ गाणी थोडी होती. एखादी सीडी, मित्रमैत्रिणींकडून आणलेली चार गाणी, आणि तीच महिनोन्‌महिने. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडायला लागते. (अति झालं की तीच नकोशी होते, हेही पुढच्या संशोधकांनी दाखवलं. ते सांगायला संशोधक कशाला, शेजारच्या लग्नाचा लाउडस्पीकर पुरतो.) म्हणजे पंधराव्या वर्षी तुम्ही एकच अल्बम १३१ वेळा ऐकला असणार. तेव्हा तुमची आवड काही अरुंद नव्हती, ओळख पक्की होती. नव्या संगीताला तुम्ही तसली ओळख करून घ्यायची संधीच दिलेली नाही, आणि वर त्यालाच पाचपैकी तीन गुण देता आहात.

तरीही बंद करू नका म्हणते, कारण रोज तास-पाऊण तास संगीतासाठी बाजूला काढण्याची सवय १३१ दिवस टिकली, ही गोष्ट लहान नाही. ती वेळ ठेवा. बदलायचं आहे ते ‘नवा’ या शब्दाचं माप.

एक आठवडा असा घालवून बघा. सातही दिवस एकाच गोतावळ्यातले अल्बम. एकाच कलाकाराचे म्हणा, एकाच वाद्याचे, एकाच रागाचे किंवा एकाच सालाचे. उदाहरणच देते. जाझबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाने १९५९ हे साल घ्यावं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ त्याच वर्षी मार्च आणि एप्रिलमधल्या दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या दिवशी तो ऐकला की त्यात जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन कानावर पडतो. मे महिन्यात हाच कोल्ट्रेन स्वतःच्या ‘जायंट स्टेप्स’साठी वाजवत होता. तो अल्बम बाजारात आला पुढच्या वर्षी, पण बराचसा वाजला त्याच उन्हाळ्यात. दुसऱ्या दिवशी तो लावा. तोच माणूस, तेच वाद्य, आणि काही आठवड्यांच्या अंतराने एवढ्या वेगाने पळणारा सूर. तुम्ही दचकाल, कारण काल तुम्ही त्याला सावकाश बोलताना ऐकलेलं असेल. तिसऱ्या दिवशी डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’, ज्यात पाच आणि नऊ मात्रांचे हिशेब आहेत आणि ताल मोजायची सवय असलेल्या कानाला ते चटकन कळतात. चौथ्या दिवशी चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’. पाचव्या दिवशी ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जाझ टू कम’. त्यात पियानोच नाही. हा मुद्दा पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितला असता तर ‘बरं, मग?’ म्हणाला असता. चार दिवस पियानो ऐकून पाचव्या दिवशी तो नाहीसा झाला की पायाखालची फरशी काढल्यासारखं होतं. नसणं ऐकू यायला आधी असण्याची सवय व्हावी लागते.

सहाव्या आणि सातव्या दिवशी काय? काहीही नवं नाही. सहाव्या दिवशी पुन्हा पहिला. मी पैजेवर सांगते, तो तुम्हाला सोमवारी ऐकलेला अल्बम वाटणारच नाही. सातव्या दिवशी मन मानेल ते, किंवा काहीच नाही. काहीच न ऐकण्याचाही एक दिवस असावा, माझ्या मते फार उपयोगाचा.

असं केलंत तर वर्षअखेरीला आकडा ३६५ होणार नाही हे उघड आहे. उरलेल्या महिन्यांत दीडशे-पावणेदोनशे नवे अल्बम होतील. तुमच्या मनात आत्ता जी चुटपुट उमटली ना, ‘म्हणजे ३६५ होणारच नाहीत?’, तिच्याशीच तुमचं खरं भांडण आहे. ती संगीताची भूक नाही, ती साखळी तुटण्याची भीती आहे. धावण्याच्या किंवा पाणी पिण्याच्या नेमात ती चांगली असेल. इथे तिने तुम्हाला आवडतं गाणं बंद करायला लावलं.

‘पूर्ण ऐकायचा’ या दुसऱ्या नियमाबद्दलही बोलायला हवं, कारण तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. अल्बम म्हणजे किती? हा शब्द आला तोच मुळी पुठ्ठ्याच्या बाडावरून. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत, म्हणून लांबलचक रचना पाच-सहा तबकड्यांवर तोडून मुद्रित करत आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पाकिटांच्या बाडात घालून विकत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले, म्हणजे एलपी आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं, दोन बाजू मिळून चाळीसच्या आसपास. आपल्या डोक्यातलं अल्बमचं माप हे तिथलं आहे. कुणा संगीतकाराने चाळीस मिनिटं ठरवली नाहीत, ती तबकडीच्या खाचांनी ठरवली. १९८२ मध्ये सीडी आली आणि मर्यादा ७४ मिनिटांवर गेली, त्याबरोबर पुष्कळ अल्बम फुगले. जागा आहे म्हणून भरलेली गाणी ऐकताना कळतात, घर बदलताना रिकाम्या राहिलेल्या खोक्यात कोंबलेल्या वस्तूंसारखी. आता स्ट्रीमिंगवर तीही मर्यादा नाही. त्यात काही मोठ्या सेवांवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं, त्यामुळे थोडी थोडी पुष्कळ गाणी भरण्यात फायदाच आहे.

सांगायचा मुद्दा, तुमच्या वहीतला ‘एक’ कधी अठ्ठावीस मिनिटांचा असतो आणि कधी दोन तासांचा. दोन तासांचा अल्बम रात्री अकरा वाजता संपवण्यात पुण्य नाही. एलपीच्या काळातला असेल तर बेलाशक एका दिवशी एकच बाजू ऐका. करणाऱ्यांनीच तो थांबा गृहीत धरलेला असतो. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची पहिली बाजू एका बाईच्या शब्दांवाचून गायलेल्या आक्रोशावर संपते, आणि दुसरी बाजू नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या खणखणाटाने सुरू होते. मध्ये उठून तबकडी उलटण्याएवढा वेळ होता. आता ते दोन आवाज एकमेकांना खेटून येतात. तुम्ही ते एका रात्रीच्या अंतराने ऐकलेत तर बिघडत काही नाही, कदाचित सुधारेल.

आणि नको असलेला अल्बम अर्ध्यावर सोडा. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा, म्हणजे अन्याय होणार नाही. त्यानंतर निघून जायचा तुम्हाला हक्क आहे. वहीत ‘सोडला’ असं लिहा आणि का सोडला ते लिहा. तुमच्या शंभर ‘छान’पेक्षा असे दहा ‘सोडला’ तुम्हाला स्वतःच्या कानांबद्दल जास्त सांगतील.

दीडपट वेगाबद्दल मी रागवणार होते, पण तुम्ही स्वतःच कबुली दिलीत म्हणून थोडक्यात सोडते. वेग वाढवला तरी सॉफ्टवेअर सूर वर जाऊ देत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की काही बदललं नाही. बदलतात त्या मधल्या जागा. दोन स्वरांमधला श्वास, तबलजीने मुद्दाम रोखलेला हात, ओळ संपल्यावरची शांतता. गवयाने जिथे थांबायचं ठरवलं तिथून तुम्ही त्याला ढकलत पुढे नेता. त्यापेक्षा तेवढाच वेळ असेल तर दोनच गाणी ऐका. भांडी घासताना ऐकायला मात्र माझी काहीच हरकत नाही. हात गुंतलेले आणि डोकं रिकामं, याहून चांगला श्रोता कुठला? फक्त ज्या कामात शब्द लागतात, म्हणजे ई-मेल, हिशेब, मेसेज, त्याच्यामागे नवा अल्बम लावू नका. शब्दांपुढे गाणं हरतं. तिथे जुनी गाणी लावा, ती पाठीमागून हाक मारत नाहीत.

फोनमध्ये दोन गोष्टी आज बदला. क्रम फिरवणारं बटण, शफल, बंद करा. २०२१ मध्ये अडेल या गायिकेने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर सरसकट शफल पुढे करणं थांबवलं, कारण तिचं म्हणणं होतं की क्रम लावताना आम्ही डोकं घालतो. तिचं खरं आहे. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि एका मेंढपाळाचा दिवस. सुरुवात अहिर भैरवने, म्हणजे सकाळी, आणि पुढे राग प्रहरांप्रमाणे सरकत जातात. शफलवर लावलात तर तो मेंढपाळ संध्याकाळी उठायचा. दुसरी गोष्ट, अल्बम संपल्यावर तशीच आणखी गाणी आपोआप सुरू होतात, ते ऑटोप्ले बंद करा. शेवटचा सूर विरल्यावर दोन मिनिटं काहीच वाजता कामा नये. तुम्हाला अल्बम आठवत नाहीत याचं निम्मं कारण तिथेच असेल: एक संपतो कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे हे तुमच्या कानाला कळूच दिलं जात नाही.

गुण देणं सोडा. गुण दिले की प्रकरण निकालात निघतं. त्याऐवजी वहीत कानाने पकडलेली एकच गोष्ट लिहा, आणि ती इतकी नेमकी असावी की दुसऱ्याने वाचून त्या जागी बोट ठेवावं. ‘छान’ नको. ‘चौथ्यात ढोल एकदम थांबतो’ चालेल. ‘ही प्रत्येक ओळीआधी श्वास घेते तो ऐकू येतो’ चालेल. ‘काय चाललंय कळलं नाही, पण शेवट आवडला’ हेही चालेल.

आणि ते जुनं गाणं. ते आज लावा, मोठ्याने. १३१ नवे अल्बम ऐकून आलेल्या कानांनी ते ऐकायची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे नियमाच्या काटेकोर अर्थाने तेही नवंच. ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने बाख या जर्मन संगीतकाराची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना १९५५ मध्ये मुद्रित केली, तेव्हा तो विशीत होता, आणि ३८ मिनिटांत त्याने ती संपवली. १९८१ मध्ये तो पुन्हा त्याच रचनेकडे वळला. या वेळी ५१ मिनिटं लागली. सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ सुरावट, पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत संपली होती, दुसऱ्या वेळी ती तीन मिनिटांच्या वर गेली. स्वर तेच. एवढ्या मोठ्या वादकाला एकाच गोष्टीकडे परत जावंसं वाटलं, तर तुम्हाला कसली लाज? ही दोन्ही मुद्रणं पाठोपाठ दोन दिवस ऐका. तुमच्या पुढच्या आठवड्याची सुरुवात त्यानेच केलीत तरी चालेल.

भावाला काय सांगायचं हे राहिलं. वही उघडून त्यातले ते नऊ ‘पुन्हा ऐकावा’ बाजूला काढा आणि पुढचे नऊ दिवस फक्त तेच. पण त्याच्याही आधी एक काम आहे. तुमच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ. सगळीकडे ‘छान’ आणि ‘ठीक’ असताना तिथे तुम्ही लिहिलंय, ‘तिसरं गाणं. मागे कोण हसतंय?’ गुण द्यायलाही तुम्ही त्या दिवशी विसरलात, तो रकाना कोरा आहे. आज रात्री तो अल्बम काढा, तिसरं गाणं लावा, आणि कोण हसतंय ते कळलं तर मला कळवा. वाचल्यापासून माझ्याही डोक्यात तेच आहे.